मुदतवाढीचा हिशेब

आयकराचे रिटर्न भरायची तारीख पुढे गेली की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो : करदात्यांना दिलासा. त्यावर दोन प्रकारची माणसे दोन प्रकारे बोलतात. एक म्हणतात, सरकारने छोट्या माणसाची अडचण ओळखली, बरे झाले. दुसरे म्हणतात, आपल्या लोकांना शेवटच्या दिवसाशिवाय जाग येत नाही, म्हणून हे लाड करावे लागतात. मला दोन्ही मते वरवरची वाटतात. वेळ करदात्यालाच कमी पडतो, असे दोन्हीकडचे लोक गृहीत धरून चालतात आणि तिथेच त्यांची चूक होते.

माझे म्हणणे असे आहे. आपल्याकडची मुदतवाढ बहुतेक वेळा यंत्रणेच्या उशिरातून निघते. ती अगदी शेवटी जाहीर होते, त्यामुळे तिच्यातून मिळालेला वेळ कामी येत नाही. ती कागदाची मुदत वाढवते, पैशावरचे व्याज मात्र चालू ठेवते. आणि ती सगळ्यांना सारखी मिळते, म्हणून ज्याला खरोखर अडचण आहे त्याच्या वाट्याला वेगळे काहीच येत नाही. छोट्या करदात्याला आणखी पंधरा दिवसांच्या मेहेरबानीचा फारसा उपयोग नाही. त्याला कायद्यात लिहिलेला, आधीपासून ठाऊक असलेला वेळ हवा.

हा विषय नागपुरातून मांडायला एक कारण आहे. आयकर खात्यात थेट भरती होणारे अधिकारी ज्या संस्थेत घडतात, ती राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी १९५७ पासून याच शहरात, छिंदवाडा रोडवर आहे. तिथून काही किलोमीटरवर इतवारी, गांधीबाग, कळमना या बाजारपेठा आहेत. पलीकडे हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसी आहेत. तारीख ठरवणाऱ्यांचे शिक्षण जिथे होते आणि ती तारीख जिथे पाळली जाते, त्या दोन्ही जागा एकाच शहरात आहेत.

१. उशीर कोणाचा?

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि साध्या करदात्याची तारीख ३१ जुलै असते. कागदावर चार महिने दिसतात. पण शेवटच्या तिमाहीचे टीडीएसचे विवरण भरायला कापणाऱ्याला ३१ मेपर्यंत मुदत आहे, आणि फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत. ज्याचा टीडीएस कापला गेला आहे, त्याच्या २६एएस या कापलेल्या कराच्या विवरणात पूर्ण आकडे जूनच्या मध्यापर्यंत येतच नाहीत. त्याआधी रिटर्न भरले तर पुढे तफावतीची नोटीस येण्याची भीती. म्हणजे चार महिन्यांतले अडीच महिने सरकारी वेळापत्रकानेच खाल्ले. उरले सुमारे ४५ दिवस.

त्यातही रिटर्न भरायचे साधन वेळेवर मिळायला हवे. २०२५ साली प्रत्यक्ष कर मंडळाने २७ मे रोजीच तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर नेली आणि कारण उघडपणे सांगितले : फॉर्ममध्ये मोठे बदल झाले आहेत, प्रणाली तयार व्हायला वेळ लागेल. ही कबुली प्रामाणिक होती आणि ती वेळेवर दिली, याचे श्रेय मंडळाला द्यायला हवे. पण त्या वर्षी शेअर, घर-जमीन विकणाऱ्यांसाठीची आणि धंदेवाईकांसाठीची, म्हणजे आयटीआर-२ आणि ३ ची एक्सेल यूटिलिटी आली ११ जुलैला. मूळची तारीख राहिली असती तर या लोकांना वीस दिवस मिळाले असते. अशा वेळी दिलेल्या वाढीव दिवसांना दिलासा म्हणणे म्हणजे घेतलेले परत केल्याबद्दल आभार मानणे आहे.

२०२१ मध्येही असेच झाले. ७ जूनला नवे पोर्टल सुरू झाले आणि ते इतके अडखळले की ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांना ते बनवणाऱ्या इन्फोसिसच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारावा लागला. त्या वर्षीची तारीख आधीच ३० सप्टेंबर झाली होती, ती मग ३१ डिसेंबर झाली. २०२४ चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. जुलैच्या सुरुवातीला यूटिलिटीत असा बदल झाला की विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर कलम ८७अ ची, कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी करसवलत मागण्याचा मार्गच बंद झाला. सवलत मिळते की नाही हा कायद्याच्या अर्थाचा प्रश्न होता. पण तो अधिकाऱ्यापुढे मांडण्याआधीच सॉफ्टवेअरने निकालात काढला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने डिसेंबरमध्ये अंतरिम आदेश दिला, तेव्हा कुठे उशिराच्या आणि सुधारित रिटर्नची तारीख १५ जानेवारी २०२५ पर्यंत गेली.

यातल्या एकाही वेळी करदाता झोपलेला नव्हता.

२. मध्यरात्री मिळालेला वेळ

१५ सप्टेंबर २०२५ ची रात्र आठवावी. दिवसभर पोर्टल अडखळत होते. मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढल्याचे एक खोटे पत्रक व्हॉट्सॲपवर फिरत होते आणि ते खोटे असल्याचा खुलासा खात्याला करावा लागला होता. मग मध्यरात्रीच्या सुमारास खरी घोषणा आली : एक दिवस वाढवला आहे. आणि त्या वाढीव दिवसाचे पहिले अडीच तास पोर्टल देखभालीसाठी बंद राहणार.

धंतोली किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या छोट्या सीएच्या ऑफिसात अशी रात्र कशी जाते, ते जवळून पाहण्यासारखे असते. टेबलावर रबर लावलेल्या फायली, प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहिलेले, ‘बँक व्याज बाकी’, ‘आधार ओटीपी’. आर्टिकलशिप करणारी दोन मुले दुपारपासून एकाच स्क्रीनसमोर. फाईल अपलोड होते, पानावर चक्र फिरत राहते, मग लॉगिनच तुटते. पुन्हा आत जावे तर ओटीपी जातो कामठीत झोपलेल्या पार्टीच्या मोबाईलवर, किंवा आधारला जोडलेला नंबर पुण्याला राहणाऱ्या मुलाचा असतो. कराचे चलान बँकेतून गेलेले असते, खात्यातून पैसे वजा झालेले असतात, पण पोर्टलवर चलान दिसत नाही. आणि ते दिसल्याशिवाय रिटर्न पुढे सरकत नाही. घड्याळात बारा वाजले की पाच हजारांपर्यंतचे विलंब शुल्क लागते, एवढेच नाही. धंद्यातला तोटा पुढच्या वर्षांत ओढण्याचा हक्क जातो. घरकर्ज आणि विमा धरून ज्याने जुन्या करपद्धतीचा हिशेब मांडला होता, त्याला ती पद्धत निवडता येत नाही. पाच मिनिटांच्या फरकाने करच बदलतो. इतके मोठे परिणाम ज्या तारखेला चिकटलेले आहेत, ती तारीख शेवटच्या तासापर्यंत अनिश्चित ठेवणे हा मला अन्याय वाटतो.

यात आणखी एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. ४६ दिवस वाढवून जी तारीख निवडली, ती १५ सप्टेंबर. आगाऊ कराचा दुसरा हप्ता भरायची तारीखही तीच. म्हणजे गेल्या वर्षाचे रिटर्न भरणारे आणि चालू वर्षाचा हप्ता भरणारे एकाच दिवशी एकाच दारात. पाच दिवसांनी जीएसटीचा भरणा. पंधरा दिवसांनी ऑडिट अहवालाची तारीख. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलायचे होते, म्हणून त्याच आठवड्यात प्रत्येक दुकानदाराला बिलिंगचे सॉफ्टवेअर आणि मालावरच्या किमती बदलायच्या होत्या. नागपुरात त्याआधीचे तीन आठवडे पोळा, मारबत, गणपती आणि महालक्ष्म्यांचे. बाजाराचे दिवस, ज्यात दुकान सोडून फाईल घेऊन बसणे शक्य नसते. तारीख पुढे नेणाऱ्याने कॅलेंडरचे पुढचे पान उलटून पाहिले नव्हते, असाच याचा अर्थ होतो.

पुढे जे घडले ते अपरिहार्य होते. रिटर्नचे काम लांबले तसे ऑडिटचे लांबले. राजस्थान आणि कर्नाटक उच्च न्यायालयांनी अंतरिम आदेश दिल्यावर मंडळाने २५ सप्टेंबरला ऑडिट अहवालाची तारीख ३१ ऑक्टोबर केली. दिवाळीनंतर ती १० नोव्हेंबरवर आणि ऑडिटवाल्यांचे रिटर्न १० डिसेंबरवर गेले. ज्यांनी वेळेत, दिवाळीआधी रात्री जागून काम उरकले, त्यांना या सगळ्यातून काय मिळाले? पुढच्या वर्षी घाई करू नये, एवढा धडा. दरवर्षी हा धडा गिरवला जातो आणि मग लोक शेवटच्या दिवशीच येतात म्हणून त्यांनाच दोष दिला जातो.

३. तारीख पुढे गेली, व्याज थांबले नाही

मुदतवाढीचा सर्वात मोठा गैरसमज पैशाविषयी आहे. रिटर्नची तारीख वाढली की कर भरायलाही तेवढाच वेळ मिळाला, असे बहुतेक लोक समजतात. आयकर कायद्यात उशिराचे व्याज दोन वेगळ्या दारांतून येते. कलम २३४अ चे व्याज रिटर्नला उशीर झाला म्हणून लागते. तारीख वाढली की ते पुढे सरकते. कलम २३४ब चे व्याज आगाऊ कर कमी भरला म्हणून लागते, आणि ते १ एप्रिलपासून, दरमहा एक टक्क्याने, कर भरेपर्यंत चालूच राहते. मुदतवाढीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

प्रतापनगरात शिकवणी चालवणाऱ्या एखाद्या बाईंचे उदाहरण घेऊ. आगाऊ कर भरायला हवा हे त्यांना ठाऊक नव्हते आणि वर्षाअखेर ६०,००० रुपये कर निघाला. ३१ जुलैला भरला तर चार महिन्यांचे व्याज, २,४०० रुपये. ‘मुदत वाढली आहे, सप्टेंबरमध्ये पाहू’ असे म्हणून १५ सप्टेंबरला भरला तर सहा महिन्यांचे, कारण महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरला जातो. म्हणजे ३,६०० रुपये. आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचे कलम २३४क चे व्याज वेगळेच. मथळ्यातल्या दिलाशाची किंमत या बाईंना बाराशे रुपये पडली. पगारदाराचा कर आधीच कापलेला असतो, त्याला याची झळ लागत नाही. ज्येष्ठ नागरिकाला, धंद्याचे उत्पन्न नसेल तर, आगाऊ करातून सूट आहे. झळ लागते ती नेमकी छोट्या स्वतंत्र व्यावसायिकाला, ज्याच्या नावाने ही मुदतवाढ दिली जाते.

२०२१ साली तर याहून कडक अट होती : एक लाखापेक्षा जास्त कर बाकी असेल तर तारीख वाढूनही २३४अ चे व्याज मूळ तारखेपासूनच. नियम म्हणून ते समर्थनीय आहे, पण किती जणांना कळले? आणि तराजूचे दुसरे पारडेही पाहावे. करदात्याने उशीर केला तर महिन्याला एक टक्का. सरकारने परतावा उशिरा दिला तर अर्धा टक्का. जीएसटीत तर वर्षाला अठरा टक्के आणि सहा टक्के. एकाच पैशाची दोन्ही बाजूंनी वेगळी किंमत लावणारा कायदा तारखेच्या बाबतीत उदार आहे, असे मानायला मी तयार नाही.

४. सगळ्यांना एकच दिवस कशासाठी?

इतवारीच्या किराणा ओळीत किंवा सराफ्यात जुन्या पिढीला आठवत असेल, की एके काळी हिशेबाचे वर्ष दिवाळी ते दिवाळी असे. पाडव्याला वहीपूजन हा धार्मिक विधी होता तसाच जमाखर्चाचा खरा आरंभही होता. आयकर कायद्यालाही ते चालत असे. कोणी दिवाळीचे वर्ष धरी, कोणी मार्चचे, कोणी आणखी कुठले. १९८९-९० च्या करनिर्धारण वर्षापासून ३१ मार्च हे एकच वर्ष सगळ्यांना सक्तीचे झाले. करचुकवेगिरीच्या वाटा बुजवण्यासाठी ते गरजेचे होते, यात मला शंका नाही. पण एक परिणाम त्याबरोबर आला : देशभरातले सगळे हिशेब एकाच वेळी बंद होऊ लागले आणि सगळ्यांचे काम एकाच खिडकीशी आले.

आता आकडे पाहा. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी ३१ जुलैची तारीख वाढवली नाही. २०२२ मध्ये शेवटच्या दिवशी ७२.४२ लाख रिटर्न भरली गेली, त्या दिवसापर्यंतचे एकूण ५.८३ कोटी. २०२३ मध्ये ६४.३३ लाख, एकूण ६.७७ कोटी. २०२४ मध्ये ६९.९२ लाख, एकूण ७.२८ कोटी. मुदतवाढ बंद केली की लोकांना शिस्त लागेल, हा युक्तिवाद या तीन वर्षांनी खोटा ठरवला. कारण शिस्तीचा प्रश्न अर्धाच आहे. बाकीचा अर्धा असा, की एकेका छोट्या सल्लागाराकडे शेकडो पार्ट्या असतात, त्या सगळ्यांची माहिती जूनच्या मध्यानंतर पूर्ण होते, आणि सगळ्यांची तारीख एक असते. सगळ्या पार्ट्या शिस्तीच्या असल्या तरी हातात दिवस तेवढेच राहतात.

ऑस्ट्रेलियात स्वतः रिटर्न भरणाऱ्याची तारीख ३१ ऑक्टोबर आहे, पण नोंदणीकृत सल्लागारामार्फत भरणाऱ्यांच्या तारखा टप्प्याटप्प्याने पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत जातात. सल्लागाराचे काम वर्षभर पसरते आणि ही सगळी सोय आधीपासून छापलेली असते. आपल्याकडेही २०२६ च्या अर्थसंकल्पात या दिशेने एक पाऊल पडले : आयटीआर-१ आणि २ वाल्यांची तारीख ३१ जुलैच ठेवून, ऑडिट नसलेल्या धंदेवाल्यांना आणि ट्रस्टना ३१ ऑगस्टपर्यंत वेळ देण्याचा प्रस्ताव मांडला गेला. मला हे पाऊल अनेक वर्षांच्या मुदतवाढींपेक्षा मोलाचे वाटते, कारण ते आधी सांगून टाकलेले आहे. पण ते अपुरे आहे. यूटिलिटी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली तर ३१ ऑगस्टचेही पूर्वीसारखेच होईल. म्हणून तारखेच्या जोडीला एक नियम हवा : रिटर्नचे साधन आणि टीडीएसची पूर्ण माहिती, दोन्ही उपलब्ध झाल्याच्या दिवसापासून किमान ७५ दिवस. यंत्रणा वेळेत तयार झाली तर हा हिशेब ऑगस्टअखेरीला येतो आणि कुणाचेच काही बिघडत नाही. तयार झाली नाही, तर तारीख आपोआप सरकेल. कुणाला कोर्टात जावे लागणार नाही.

५. पैसेवारी शेतसाऱ्याला आहे, आयकराला का नाही?

कर पुढे ढकलण्याचा प्रश्न आपल्या भूमीला नवा नाही. १९१८ चा खेडा सत्याग्रह याच मुद्द्यावर झाला. पीक चार आण्यांच्या खाली आले तर त्या वर्षाचा सारा तहकूब करावा, असा सरकारचाच नियम होता. वाद होता तो पीक किती आले यावर. गांधीजींची मागणी तहकुबीची होती, माफीची नव्हती. या लढ्यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : सवलत हा मोजता येणाऱ्या परिस्थितीवर उभा असलेला हक्क होता, म्हणून तर तो मागता आला.

महाराष्ट्रात पैसेवारीच्या रूपाने ती रचना आजही आहे. हंगामी, सुधारित आणि अंतिम अशी पैसेवारी जाहीर होते, आणि गावाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली की जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, अशी यादी लागू होते. पैसेवारी काढण्याच्या पद्धतीवर विदर्भातला शेतकरी नाराज आहे आणि त्याची नाराजी रास्त आहे; पीककापणीचे प्रयोग आणि शेतातले वास्तव यांत अनेकदा मेळ नसतो. पण तत्त्व बरोबर आहे. सवलत गावापुरती आहे, निकषावर आहे आणि निकष पूर्ण झाला की ती देणे सरकारला भाग आहे.

आता नागपुरातली २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट पाहा. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडले. अंबाझरी लेआउटपासून झाशी राणी चौक आणि सीताबर्डीपर्यंत घरात, तळघरात, दुकानांत पाणी शिरले. मोर भवनच्या स्थानकात बस बुडाल्या. ऑडिट अहवालाची तारीख होती ३० सप्टेंबर, म्हणजे बरोबर एका आठवड्यावर. तळघरातले संगणक आणि बिलांच्या फायली चिखलात, आणि देशाची तारीख जागच्या जागी. त्या वर्षी ती वाढली नाही.

महसूल यंत्रणेने नागपुरात घरांचे, दुकानांचे पंचनामे केले. म्हणजे कुणाचे नुकसान झाले याची सरकारी नोंद होती, पत्त्यासकट. ती नोंद कर खात्यापर्यंत जाऊन तेवढ्या लोकांची तारीख महिनाभर पुढे जाणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नव्हते. पण तसे आपोआप होण्याची वाट कायद्यात नाही. नंतर नोटीस आली तर ‘वाजवी कारण’ सांगून दंड टाळता येतो, हे खरे. पण तो बचाव आहे, हक्क नाही, आणि त्यासाठी पुन्हा वकील लागतो. २०१८ च्या महापुरानंतर केरळमधल्या करदात्यांना मंडळाने ३१ ऑगस्टऐवजी १५ सप्टेंबरपर्यंत वेळ दिला होता. योग्यच केले. पण अख्खे राज्य बुडाल्यावरच खात्याला दिसते आणि शहराचे चार प्रभाग बुडाले तर दिसत नाही, ही पद्धत चुकीची आहे. अमेरिकेत केंद्राने आपत्तीग्रस्त जाहीर केलेल्या भागाला कर खाते पत्त्यावरून सवलत लावते. जानेवारी २०२५ च्या वणव्यांनंतर लॉस एंजेलिस परगण्यातल्या लोकांना रिटर्नसाठी आणि पैशासाठीही १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळाला, आणि तो फक्त त्यांना.

सगळ्या देशाला दिलेली मुदतवाढ आणि बुडालेल्या दुकानाला दिलेली मुदतवाढ या एका जातीच्या गोष्टी नाहीत. पहिली जितकी कमी लागेल तितके चांगले. दुसरी कधीच मागावी लागू नये.

६. छोट्या उद्योजकाची अडचण पैशाच्या तारखेत आहे

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला विचारा, रिटर्नची तारीख वाढली तर बरे का? तो म्हणेल, रिटर्न माझा माणूस भरतो. मला पैशाचे सांगा. त्याचे म्हणणे आकड्यांत असे. २५ जुलैला त्याने एका मोठ्या कंपनीला दहा लाखांचे काम करून बिल दिले, वर १८ टक्के जीएसटी, १,८०,००० रुपये. कच्च्या मालावर भरलेला कर वजा जाता उरलेली रक्कम त्याने २० ऑगस्टपर्यंत सरकारात भरायची. तिमाही रिटर्न निवडले असेल तरी महिन्याचा भरणा २५ ऑगस्टपर्यंत. आणि कंपनीने त्याला पैसे कधी द्यायचे? २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा जास्तीत जास्त ४५ दिवस देतो, म्हणजे ८ सप्टेंबर. कंपनीने कायदा तंतोतंत पाळला तरी हा माणूस न मिळालेल्या पैशावरचा कर आधी भरतो. कंपनीने नव्वद दिवस लावले, आणि असे लावणाऱ्या कंपन्या थोड्या नाहीत, तर दोन महिन्यांहून जास्त काळ तो स्वतःच्या ओव्हरड्राफ्टमधून सरकारला पैसे पुरवतो. चुकला तर अठरा टक्के व्याज.

एक सरकारी कायदा ४५ दिवस देतो, दुसरा २६ दिवसांत मागतो. रिटर्नच्या तारखेत दोन-चार दिवसांची वाढ देऊन ही तफावत भरून निघणार नाही. सेवाकराच्या काळात ५० लाखांपर्यंतच्या व्यक्ती आणि भागीदारी संस्थांना पैसे हातात आल्यावर कर भरायची मुभा होती. जीएसटी आला आणि ती गेली. ब्रिटनमध्ये साडेतेरा लाख पौंडांपर्यंत उलाढाल असलेल्या धंद्याला आजही पैसे मिळाल्यावर व्हॅट भरण्याची योजना निवडता येते. आपल्याकडे पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना, निदान मोठ्या खरेदीदारांना दिलेल्या बिलांपुरती, ती मुभा परत द्यायला हवी. खरेदीदारानेही पैसे दिल्यावरच क्रेडिट घ्यावे, म्हणजे सरकारचे नुकसान नाही आणि मोठी कंपनी स्वतःहून लवकर पैसे देईल.

७. काही आक्षेप

पहिला आक्षेप महसुलाचा : तारखा सैल केल्या तर तिजोरी कशी चालेल? पण आयकराचा फार मोठा भाग टीडीएस आणि आगाऊ कराच्या रूपाने ३१ मार्चच्या आतच जमा झालेला असतो. रिटर्नबरोबर येणारी रक्कम उरलासुरला हिशेब आहे. शिवाय कागद आणि पैसा यांच्या तारखा वेगळ्या करता येतात. अमेरिकेत राहणाऱ्या कुठल्याही मराठी कुटुंबाला हे ठाऊक असते : एक अर्ज केला की रिटर्नला १५ एप्रिलऐवजी १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो, कारण विचारले जात नाही, अंदाजे कर मात्र एप्रिलमध्येच भरायचा. तिथे कुणी मध्यरात्रीच्या घोषणेची वाट पाहत नाही. आपल्याकडे हेच स्वच्छ शब्दांत सांगितले तर त्या शिकवणीवाल्या बाई जुलैमध्ये कर भरून मोकळ्या होतील आणि कागद सावकाश देतील.

दुसरा आक्षेप गैरफायद्याचा. कारण न विचारता वेळ दिला तर सगळेच घेतील. घेऊ देत. पैसे आधी आले असतील तर कागद दोन महिने उशिरा आल्याने कोणाचे काय जाते? उलट शेवटच्या दिवशी घाईत भरलेले चुकीचे रिटर्न खात्याला अधिक महाग पडते : ते तपासावे लागते, नोटीस काढावी लागते, मग दुरुस्ती, मग अपील.

तिसरा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो. दिवस मोजण्याचा नियम केला, प्रभागवार सवलत दिली, तर कायदा आणखी गुंतागुंतीचा होईल. आणि छोट्या माणसाला गुंतागुंतच नको असते. यात तथ्य आहे. पण गुंतागुंत आजही आहे, फक्त ती परिपत्रकांत विखुरलेली आहे आणि ती वाचणे ज्याला परवडते त्यालाच ती कळते. न्यायालयाचे दारही तसेच. जोधपूर, बंगळुरू किंवा मुंबईत याचिका करतात त्या संघटना. गोकुळपेठेतला स्टेशनरीवाला नाही. १ एप्रिल २०२६ पासूनचा नवा आयकर कायदा भाषा सोपी करण्याचा दावा करतो आणि कलमांची संख्या त्याने खरोखरच ५३६ वर आणली. पण तारीख वाढवायची की नाही, हे त्यातही मंडळाच्या मर्जीवरच राहते. सोपेपणा शब्दांचा आला, वेळेचा आला नाही.

आणि चौथा, जो मला एका निवृत्त अधिकाऱ्यांनी ऐकवला : खात्याला या अडचणी ठाऊक नाहीत असे तुम्हाला वाटते का? मला तसे वाटत नाही. खात्यात हुशार आणि कळकळीची माणसे आहेत, त्यांतली कित्येक याच शहरात शिकून गेली आहेत. पण ठाऊक असणे आणि त्या कामातून गेलेले असणे यांत फरक पडतो. छिंदवाडा रोडवरच्या अकादमीत प्रशिक्षणार्थी कायदा, हिशेबशास्त्र, तपास शिकतात. त्यांच्या अभ्यासक्रमात जुलैचे शेवटचे दहा दिवस धंतोली, इतवारी किंवा गांधीबागेतल्या छोट्या सल्लागाराच्या टेबलाशी घालवण्याची सोय व्हावी. अधिकारी म्हणून नाही, आर्टिकल म्हणून. स्वतः लॉगिन करावे, ओटीपीसाठी पार्टीला फोन करावा, न दिसणाऱ्या चलानाची वाट पाहावी, आणि रात्री दहा वाजता दुकानदाराला समजावून सांगावे की तारीख वाढली आहे पण व्याज वाढतच आहे. दहा-बारा वर्षांनी हेच लोक मंडळाच्या परिपत्रकांचे मसुदे लिहायला बसतील.